महामार्ग ५२ : खरवडलेला रस्ता, बंद पूल आणि उसाच्या ट्रॉल्या

रानपाखरू

नमस्कार मंडळी. धुळे-सोलापूर रस्त्यावरून, म्हणजे जुन्या २११ आणि आताच्या राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून नेहमी जाणारे इथं बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. माझं माहेर धाराशिव, नोकरी संभाजीनगरला. दिवाळी झाल्यापासून या रस्त्यानं जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. कुठं डावी लेन खरवडून ठेवलेली, कुठं उजवी. पुढं पेव्हर (डांबर पसरायचं यंत्र) चालू, त्यामागं रोलर, त्यामागं आपण. त्यात एका नदीवर एका बाजूचा पूल पत्रे लावून बंद केलाय आणि दोन्हीकडची वाहनं दुसऱ्या बाजूच्या पुलावरून सोडतात. (पुलाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की तीन प्रतिसादांत धागा गुत्तेदाराच्या आडनावावर जातो, हा इथला इतिहास आहे.)

मला खरंच कळत नाही. जो रस्ता डोळ्यांना बरा दिसत होता तोच खरवडतात आणि जिथं खड्डे आहेत तिथं नुसतं थिगळ लावतात, असं का? आणि रस्ता एका रात्रीत लांबवर काळाकुळकुळीत होतो, पण पुलावर कधी बघा, चार माणसं, एक जनरेटर आणि ताडपत्री. तिथं काम चालू असतं का नुसताच बंद करून ठेवलाय?

डिसेंबरात आईला घेऊन धाराशिवला जायचंय. तिला मणक्याचा त्रास आहे. कुठल्या वेळी निघावं तेही सांगा.

फाट्यावरचा

ताई, कामून एवढा विचार करायलात? मार्च जवळ आला की रस्ते काळे होतेत, पाऊस पडला की पांढरे होतेत. आमचं हाटेल फाट्यावर हाय, आम्ही लहानपनापासून हेच बगायलो. काम करणारे आमच्याकडंच चहा पितेत. एकाला इचारलं, पूल कवा चालू व्हईल? तो म्हनला, साहेबाला इचारा. साहेब म्हनला, वरून आदेश येऊ द्या. आता वरून म्हंजी कुठून, पुलावरून का?

खडी_कच_डांबर

फाट्यावरचे भाऊ, चहाचं बिल तरी वेळेवर मिळतंय ना? :)

रानपाखरूताई, मी खासगी प्रयोगशाळेत खडी-डांबराच्या चाचण्या करतो. या कामाशी माझा काही संबंध नाही, त्यामुळं मोकळं लिहितो.

डोळ्यांना बरा दिसणारा रस्ता बरा असतोच असं नाही. रात्री समोरच्या गाडीच्या उजेडात तिरकं बघा, चाकं जातात त्या पट्ट्यात लांबच लांब चाकोऱ्या पडलेल्या दिसतील. पावसात त्यातच पाणी धरतं. वरचं डांबर ऊन खाऊन कडक झालेलं असतं, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात आणि त्यातून पाणी खाली उतरतं. या टप्प्यावर वरचा चाळीस मिलिमीटरचा थर काढून नवा घातला तर खालचा महागाचा रस्ता वाचतो. खड्ड्याचं उलटं आहे. खड्डा पडला म्हणजे बहुतेक वेळा खालची खडीच हललेली असते. तिथं चौकोनी कापून तळापर्यंत खोदून थराथरानं भरून आणायचं असतं. ते काम वेगळं, त्याचा दर वेगळा आणि ते करायला वेळ लागतो. तिथं नुसतं थिगळ दिसत असेल तर तुमचा राग रास्त आहे.

खरवडण्याचं दुसरं कारण लोकांना माहीत नसतं. जुन्यावर नवा, त्यावर आणखी नवा असे थर चढवत गेलं की रस्ता उंच होतो. मग दुभाजक बुटका पडतो, बाजूचं लोखंडी क्रॅश बॅरियर गाडीच्या चाकाच्या उंचीवर येतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पूल. हिशेब करून बघा. शंभर मीटर लांब आणि बारा मीटर रुंद पुलावर पाच सेंटिमीटरचा एकच थर घातला तर साठ घनमीटर माल झाला. डांबरी मालाचं वजन घनमीटरला साधारण २.३ टन. म्हणजे १३८ टन. भरलेले जवळजवळ पाच दहाचाकी ट्रक कायमचे पुलावर उभे करून ठेवल्यासारखं. ज्यानं तो पूल आखला त्यानं हे ओझं धरलेलं नसतं. म्हणून पुलावर आधी जुनं काढायचं आणि मगच नवं घालायचं. खरवडलेला माल फुकट जात नाही, प्लांटवर नव्या मालात ठरावीक प्रमाणात मिसळता येतो.

आता घाईबद्दल. डांबर टाकताना गरम लागतं. जड वाहतुकीच्या रस्त्याला वापरतात ते व्हीजी-४० डांबर असेल तर पसरताना माल किमान १५० अंश सेल्सिअस आणि रोलिंग १०० अंशांच्या वरच आटपायला हवं. डिसेंबरच्या पहाटे प्लांट लांब असेल, डंपरवर ताडपत्री नसेल तर माल रस्त्यातच गार होतो. तो दाबला तरी दबत नाही, आत पोकळ राहतो आणि पहिल्या पावसात खडी सुटते. तुम्ही सामान्य माणूस म्हणून एवढं नक्की बघू शकता : डंपर झाकलेला आहे का, आणि पेव्हर मालाची वाट बघत तासभर उभा आहे का. पेव्हर थांबला की तिथं आडवा जोड पडतो आणि पुढं वर्षभर गाडी तिथंच उडते.

शाळेची_वाट

खडी_कच, छान लिहिलंय, पण मी स्कुटीवर जाते त्यांची बाजू मांडते. माझी शाळा महामार्गावरून आत. खरवडलेल्या रस्त्यावर चारचाकीला नुसता आवाज येतो, आमची स्कुटी त्या रेघांत धरून ओढल्यासारखी चालते. आणि जिथं खरवडलेला भाग संपतो तिथं जी पायरी पडते तिच्यावरून लेन बदलताना पुढचं चाक सटकतं. आमच्या एका सहकारी बाईंचा हात तिथंच मोडला. तिथं फलक नव्हता. दोन दिवसांनी आला, तोही खाली पडलेला.

रात्री तर विचारू नका. एका बाजूचा पूल बंद म्हणून दुभाजक फोडून वाहनं पलीकडं वळवली आहेत, तिथं समोरासमोर गाड्या येतात. लोकांना चौपदरीची सवय, समोरून कोणी येईल हे डोक्यातच नसतं. मधे नुसते दगड ठेवलेत चुना मारून. एकाच्या वर लाल कापड.

खडी_कच_डांबर

शाळेची_वाट ताई, दगड ठेवायचेच नाहीत. काम चालू असलेल्या ठिकाणच्या वाहतुकीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) वेगळी पुस्तिका आहे, एसपी-५५. आधी लांबून सूचना, मग लेन हळूहळू तिरकी आवळत आणायची, मग काम, मग पुन्हा मोकळी करायची, अशी सगळी रचना त्यात आहे. शंकू, ड्रम, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या, झेंडा दाखवणारा माणूस. दगडावर गाडी आदळली तर दगडच दुसरा अपघात करतो. याचा खर्च कंत्राटात धरलेला असतो हे लक्षात ठेवा. कोणी उपकार करत नाही.

डबल_ट्रॉली

मी धारूरकडचा. सीझनला ट्रॅक्टर कारखान्यावर असतो. सगळ्यांनी ट्रॉलीवाल्याला शिव्या द्यायच्या आधी एक ऐका.

दिवाळी झाली की कारखाना पेटतो. तवाच रस्त्याचं काम सुरू होतं. आमचा ऊस काय रस्त्यासाठी थांबत न्हाई, तोडला की त्याचं वजन घटायला सुरुवात. टोळीला मुकादमानं उचल दिलेली, आमच्या गाडीला कारखान्याची उचल. खेप चुकली की आमचा दिवस मेला. मग दोन ट्रॉल्या लावून, वर मोळ्या रचून निघायचं. त्या पुलाच्या तोंडाला जो खटका हाय ना, जोडाचा, तिथं मागली ट्रॉली अशी उडते की हूक तुटतो का काय वाटतं. सगळे ट्रॅक्टरवाले तिथं पहिल्या गेरवर घेतेत. मागं रांग लागते ती तेच्यामुळं. आम्हाला हौस न्हाई.

रिफ्लेक्टर लावा म्हनतेत. बरोबर हाय. आम्ही लावतोत, पण ऊस रचला की लोंबलेल्या वाढ्यात तो झाकून जातो. आता मी लांब काठीला लाल दिवा बांधून मागं लावलाय, बॅटरीवर चालतो. बाकीच्यांनी बी लावावा.

सिमेंटप्रेमी

मूळ प्रश्न सोडून सगळे भलतीकडं. ओव्हरलोड बंद करा, रस्ते आपोआप टिकतील. आणि समृद्धीसारखा सिमेंटचा रस्ता करा, दरवर्षीची कटकट जाईल. डांबर म्हणजे खाबूगिरीचं कुरण.

खडी_कच_डांबर

ओव्हरलोडबद्दल अर्धं बरोबर. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर रात्रंदिवस ट्रक फिरवले होते. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की आसावरचं (ॲक्सलवरचं) वजन वाढलं की रस्त्याची झीज त्याच्या चौथ्या घाताच्या पटीत वाढते. वजन दुप्पट, तर झीज सोळापट. आपल्याकडं २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसाची कायदेशीर मर्यादाच १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वजन वाढलं जेमतेम १३ टक्के, पण चौथ्या घाताच्या हिशेबानं झीज दीडपटीच्या वर गेली. म्हणजे नियमात बसणारा ट्रकसुद्धा त्याआधी आखलेल्या रस्त्याला जड आहे.

तरी सगळं खापर ट्रॉलीवर फोडू नका. आपल्या मातीचं काय? गेवराई, माजलगाव, परळी, कुठंही खणा, काळी चिकण माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून वर. रस्त्याच्या कडेला लांबच्या लांब उभी भेग पडलेली बघितलीय? ती गाडीच्या वजनानं नसते. कडेची माती वाळते-फुगते, रस्त्याखालची मधली तशी हलत नाही, आणि कडा तुटून बाजूला सरकते. म्हणून खाली मुरमाचा जाड थर घालायचा, नाहीतर मातीत चुना मिसळून तिचा फुगवटा मारायचा. त्यावर पाणी निथरून जाईल असा खडीचा थर, आणि तो थर थेट बाजूच्या उतारापर्यंत उघडा ठेवायचा. आपल्याकडं काय होतं, साइडपट्टी भरायला शेजारचीच काळी माती ओढतात. झालं, निथरायची वाटच बुजली. रस्त्याच्या पोटात पाणी कोंडलं. वरून कितीही भारी डांबर घाला.

सिमेंट केलं तरी हे चुकत नाही. खाली पाणी आणि फुगणारी माती असेल तर सिमेंटचा स्लॅब मधोमध तडकतो, आणि तो दुरुस्त करायला डांबरापेक्षा जास्त दिवस रस्ता बंद ठेवावा लागतो. सिमेंट टिकतं हे खरं. पण ते खालचं काम नीट केलं तर. आणि खालचं काम नीट केलं तर डांबरही टिकतं.

सिमेंटप्रेमी

म्हणजे डांबरवाल्यांची बाजू घेताय. असो. तुमची नोकरी आहे.

संपादक मंडळ

व्यक्तिगत रोख नको. खाली एका प्रतिसादात गुत्तेदार संस्थेचं आणि अधिकाऱ्याचं नाव होतं, तो प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. पुरावा असेल तर संबंधित यंत्रणेकडं द्या, इथं नाव नको.

जॅकवाला

पुलाबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. मूळचा नांदेडचा, बरीच वर्षं पूल दुरुस्तीच्या साइटवर सुपरवायझर आहे. सध्या राज्याबाहेर.

रानपाखरूताई, तुम्हाला चार माणसं आणि जनरेटर दिसला म्हणजे काम चालू आहे. वर कोणी दिसत नाही कारण काम खाली चालतं. पुढच्या वेळी पुलाच्या अलीकडं गाडी बाजूला घेऊन नदीत उतरून बघा, खांबांना मचाण बांधलेलं दिसेल.

पूल एकसंध नसतो. खांबाच्या डोक्यावर रबराच्या जाड गाद्या असतात, आत पोलादी पत्रे घातलेल्या. त्यांना बेअरिंग म्हणतात. त्यावर गर्डर, म्हणजे आडव्या तुळया, आणि गर्डरवर स्लॅब, ज्यावरून तुम्ही जाता. मराठवाड्यात जानेवारीच्या पहाटे दहा अंशांच्या आसपास तापमान आणि मे महिन्यात त्रेचाळीस. तीस मीटरचा गाळा (दोन खांबांमधला भाग) असेल आणि तीस अंशांचा फरक धरला तरी काँक्रीट साधारण अकरा मिलिमीटर लांब-आखूड होतं. त्या हालचालीला गादी सरकू देते आणि दोन गाळ्यांच्या मधला एक्स्पान्शन जॉइंट जागा देतो. डबल_ट्रॉली भाऊ ज्याला खटका म्हणतात तो हाच.

आता बिघडतं कसं ते ऐका. रस्त्याला डांबर घालणारी टोळी पुलावरही घालत जाते आणि जॉइंट बुजवते. दोन महिने गाडी लोण्यासारखी जाते, लोक म्हणतात काय मस्त काम केलं. मग उन्हाळा येतो, स्लॅबला सरकायला जागा नाही, डांबर फुगून फुटतं, रबरी पट्टी फाटते. पावसात रस्त्यावरचं सगळं पाणी, माती, डिझेल त्या फटीतून थेट खांबाच्या डोक्यावर. बेअरिंगभोवती चिखल साचतो, आतले पत्रे गंजतात, गादी एका बाजूला दबते किंवा फाटते. स्लॅबचं पाणी जायला कठड्याच्या बुडाशी जे पाइप असतात ते गवतानं आणि प्लॅस्टिकच्या पुड्यांनी बुजलेले. पूल म्हातारा होऊन मरत नाही, बहुतेक वेळा पाण्यानं मरतो. फक्त नदीच्या नाही, वरून गळणाऱ्या पाण्यानंही.

बेअरिंग बदलायची तर अख्खा गाळा उचलावा लागतो. शेकडो टनांचा. गर्डरखाली हायड्रॉलिक जॅक लावून सगळे एकाच पंपाला जोडतात, कारण एक कोपरा जरी आधी वर गेला तर स्लॅब पिळून तडा जाईल. उचलायचं किती? काही मिलिमीटर. जुनी गादी निघेल आणि नवी सरकेल एवढंच. त्या वेळी वरून एकही गाडी चालत नाही. खालचा सिमेंटचा ओटा खराब निघाला तर तो तोडून नवा करायचा, तो कडक होईपर्यंत पुन्हा थांबायचं. हे प्रत्येक खांबावर. त्याआधी हातोड्यानं ठोकून पोकळ आवाज कुठं येतो ते बघतात, ध्वनिलहरींची चाचणी करतात, भेगांत इपॉक्सी भरतात. यातलं काहीच वरून दिसत नाही. आणि शेवटी जॉइंट बसवताना दोन्ही बाजूला काँक्रीट भरतात, त्यावरून वेळेआधी गाडी सोडली की केलेलं सगळं पाण्यात.

ते साहेब चहा पिताना "आदेश येऊ द्या" म्हणाले त्यात काही खोटं नसावं. उघडण्याआधी तपासणीची सही लागते. मी अशी साइट बघितलीय जिथं पुढाऱ्याच्या फोनवर पूल दोन दिवस आधी उघडला आणि पुढच्याच वर्षी तोच जॉइंट पुन्हा काढला.

फाट्यावरचा

जॅकवाले भाऊ, लई भारी सांगितलं. आज दुपारी खाली उतरून बगितलं. खरंच बांबूची मचाण हाय अन् सात-आठ जण हायेत. वरून दिसतच न्हाईत बगा.

निवृत्त_लालपरी

पोरांनो, मी एसटीत ड्रायव्हर होतो, आयुष्य बीड-गेवराई-संभाजीनगर याच पट्ट्यात गेलं. जॅकवाल्यांनी पाण्याचं लिहिलं म्हणून दोन शब्द.

२ ऑगस्ट २०१६. महाडजवळ सावित्री नदीचा जुना दगडी पूल रात्री पुरात गेला आणि आमच्या दोन एसट्या माणसांसकट गेल्या. अंधारात ड्रायव्हरला पुढं पूल नाही हे दिसायचं कसं? दुसऱ्या दिवशी डेपोत कोणी कोणाशी बोललं नाही. त्यानंतर राज्यभर पुलांच्या तपासण्या सुरू झाल्या, आमच्या मार्गावरच्या पुलांवरही माणसं येऊन रंगानं आकडे टाकून गेली. सावित्रीवर पुढच्याच वर्षी, २०१७ च्या जूनमध्ये नवा पूल झाला. मनात आणलं तर होतं.

आपल्याकडं गोदावरीचं वेगळं आहे. जायकवाडीचे दरवाजे २७. पैठणला सोडलं की शहागडला पाणी कधी येईल याचा अंदाज आम्हा जुन्या ड्रायव्हरांना बरोबर असायचा. मोठ्या पुलाला धोका कमी, खरी भीती लहान ओढ्यांची आणि नळकांडी पुलांची. पाऊस तिकडं डोंगरात पडतो, इथं ऊन असतं आणि ओढा एकदम येतो. पुलावरून पाणी वाहताना गाडी घालायची नाही, मग ते घोट्याएवढं का असेना. खालचा रस्ता वाहून गेलाय का नाही ते वरून दिसत नाही. प्रवासी शिव्या देतील, देऊ द्या.

गोदाकाठ

निवृत्त_लालपरी काका, नमस्कार. माझी जमीन महामार्गाला लागून आहे, गेवराई तालुका. तुम्ही सगळे रस्त्यावरून बोलताय, मी रस्त्याच्या खालून बोलतो.

चौपदरी झाला तेव्हा भराव घालून रस्ता माझ्या बांधापेक्षा पुरुषभर उंच झाला. आधी पाणी रस्त्यावरून पसरून पलीकडं जायचं. आता अडतं. भरावाखालून पाणी जायला मोऱ्या ठेवल्यात, पण त्या जिथं नकाशात सोयीच्या होत्या तिथं आहेत, पाणी जिथून जायचं तिथं नाहीत. त्यातल्या एका मोरीच्या तोंडाशी आता या कामातला खरवडलेला राडारोडा टाकलाय. खडी_कच म्हणाले की तो माल परत वापरतात. सगळा नाही वापरत, काही माझ्या मोरीत आहे. फोटो काढून ठेवलेत.

२०२५ च्या सप्टेंबरात कसा पाऊस झाला ते मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. माझ्या कापसात आठवडाभर पाणी उभं होतं. कापूस तर गेलाच, पण तुमच्या रस्त्याचं काय झालं तेही बघा : जिथं माझ्या बाजूला पाणी तुंबलं होतं, बरोबर त्याच पट्ट्यात रस्ता खचला. तेच आता खरवडायला लागलेत. मी मुकादमाला सांगितलं, वरचं काळं नंतर करा, आधी मोरी मोकळी करा. तो म्हणाला, मोरी आमच्या कामात नाही.

खडी_कच_डांबर

गोदाकाठ, हे सगळ्या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. वरचा थर एका कामात, मोरी-गटाराची साफसफाई दुसऱ्यात, पूल तिसऱ्यात, असे तुकडे पडले की प्रत्येक जण आपापल्या तुकड्याचं बिल काढतो. ते पाणी कोणाच्याच बिलात नसतं. राडारोड्याचं तुम्ही बरोबर पकडलंत, तो तिथं टाकणं कुठल्याच कंत्राटात बसत नाही. फोटो जपून ठेवा.

रानपाखरू

बापरे, केवढं कळलं. गोदाकाठ दादा, तुमच्या मोरीसाठी आपण काय करू शकतो? महामार्गाच्या हेल्पलाइनला, १०३३ वर, फोन केला तर फक्त खड्ड्याची तक्रार घेतात का?

शाळेची_वाट

मी केलाय १०३३ वर, फलकासाठी. तक्रार घेतात. पण ठिकाण अचूक सांगा. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, त्यावरचा आकडा आणि त्यापुढं अंदाजे किती मीटर, कोणत्या दिशेला जाताना, एवढं सांगितलं तर ते टाळू शकत नाहीत. "गेवराईच्या पुढं" म्हटलं की तक्रार हवेत जाते. राजमार्गयात्रा हे ॲप आहे, त्यात फोटो टाकता येतो.

जॅकवाला

गोदाकाठ, तुमच्यासाठी फोनपेक्षा कागद बरा. आधी कार्यकारी यंत्रणेच्या प्रकल्प कार्यालयाला साधा अर्ज, फोटो जोडून, पोच घेऊन. त्यात नुकसानभरपाई मागू नका, नाहीतर फाइल महसूलकडं जाईल आणि तिथंच राहील. फक्त एवढं लिहा की अमुक किलोमीटरला मोरी बुजल्यामुळं भरावात पाणी मुरून महामार्ग खचतोय. त्यांच्या रस्त्याचं नुकसान म्हटलं की अभियंत्याला यावंच लागतं.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपये शुल्क, तीस दिवस. तीन गोष्टी मागा : या कामाचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो, त्या मोरीच्या शेवटच्या पाहणीचा अहवाल, आणि राडारोड्याची विल्हेवाट कुठं लावायची ठरली होती. दोष दायित्व संपलेला नसेल तर खचलेला भाग गुत्तेदारानं स्वतःच्या पैशानं करून द्यायचा असतो. बऱ्याचदा तो कालावधी संपायच्या तोंडावर वरून एक काळा हात मारतात आणि मोकळे होतात. तारीख तुमच्या हातात असली की तसं करणं अवघड जातं.

सिमेंटप्रेमी

हे मात्र पटलं. गोदाकाठ, अर्जाचा मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी वकिलाकडं कामाला आहे, टाइप करून देतो.

गोदाकाठ

करतो व्यनि. आभारी आहे. शेजारच्या दोघांच्याही सह्या घेतो, त्यांचंही रान त्याच पाण्याखाली होतं.

डबल_ट्रॉली

ताईंचा प्रश्न राहिलाच. आईला घेऊन जायचं तर पहाटं निघू नका. धुकं असतंय, अन् रातच्या खेपेच्या ट्रॉल्या कारखान्याकडून रिकाम्या परत फिरलेल्या असतेत, पोरं झोपंत चालवतेत, खोटं कशाला बोलू. सकाळी साडेआठ-नऊला संभाजीनगर सोडा. दुपारी बारा ते तीन पुलावर गर्दी कमी असते, आमच्यातले लई जण तवा काट्यावर वजनाच्या रांगेत असतेत. अंधाराच्या आत धाराशिव गाठा.

निवृत्त_लालपरी

आणि आईला पुढच्या सीटवर बसवा, मागच्या नको. मागच्या चाकावर हादरा जास्त बसतो. पाठीला घडी घातलेली चादर. मांजरसुंब्याच्या घाटाच्या आधी एकदा उतरवून चालवा. सरमकुंडी फाट्याला पेढे घ्यायला थांबणारच असाल, तर दुसरं थांबणं तिथं.

रानपाखरू

थांबणारच काका, आई त्याशिवाय पुढं येतच नाही :) पुढच्या रविवारी निघतोय. फाट्यावरचे भाऊ, पूल तोवर उघडला तर इथं लिहा.

फाट्यावरचा

लिहितो. पर रविवारपत्तर न्हाई उघडत. आज सकाळीच नवे जॅक उतरवलेत टेम्पोतून, आता पलीकडच्या दोन खांबांचं करायचं म्हनले. तुम्ही या आईला घेऊन, आमच्याकडं चहा घ्या. खुर्च्या हायेत टेकायच्या.